मुसळाचा टेकू

नवराबायकोचा अबोला घरात असला तर भांडी आपटतात, भाजीत मीठ जास्त पडतं, फार झालं तर एखादं माणूस उपाशी झोपतं. पण तोच अबोला वर्कशॉपात आला तर माणसाचा हात जायची वेळ येते. ऐकीव सांगत नाही, माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी बाईजा. शहापूरहून मुरबाडकडे निघालात की सापगावात रस्त्याला लागूनच माझी वड्यांची टपरी आहे. तिच्या पलीकडे साईनाथचं पत्र्याचं वर्कशॉप. डंपरचा हौदा उचलणारे तेलाचे जॅक गळायला लागले, वर जाईनात, किंवा मध्येच बसायला लागले, की क्रशरवाले आणि मातीवाले त्याच्याकडे येतात. त्यांचे ड्रायव्हर काम होईपर्यंत माझ्याकडे वडे खातात. तेव्हा त्याचं दुकान आणि माझी कढई एकाच चुलीवर चालतात म्हणा ना.

हे वर्कशॉप मूळचं साईनाथच्या बापाचं, दामूबाबांचं. दामूबाबा एकदा उचललेल्या हौद्याखाली हात घालून काम करत होते, आणि केबिनमधल्या ड्रायव्हरने हौदा खाली आणायचा दांडा ओढला. उजवा हात मनगटापासून गेला. त्यानंतर त्या माणसाने एक नियम केला आणि मरेपर्यंत पाळायला लावला. वर उचललेल्या वस्तूखाली हात घालायच्या आधी कारागिराने मोठ्याने विचारायचं, "टेकू?" मागे उभ्या असलेल्या माणसाने लाकडाचा टेकू हलवून, घट्ट बसला आहे हे बघून तेवढ्याच मोठ्याने सांगायचं, "लावला!" ही हाक ऐकली की केबिनमधल्या माणसाने आपले दोन्ही हात मांडीवर ठेवायचे. पुढे "काढला!" ऐकू येईपर्यंत त्याने नाकावरची माशीसुद्धा हाकलायची नाही.

हा नियम ड्रायव्हर लोकांच्या अंगात इतका मुरला की त्याची दुसरी बाजूही पक्की झाली. हाक आली नाही म्हणजे आत कुणाचा हात नाही. खुशाल दांडा ओढा.

दामूबाबा गेल्यावर "लावला!" म्हणायचं काम साईनाथच्या बायकोकडे आलं. मैना तिचं नाव. सिद्धगडाच्या पायथ्याची पोर, लहानपणी डोंगरात गुरं राखलेली. तिची हाक भातसा नदीच्या काठापर्यंत जायची. नुसती हाक देत बसणाऱ्यांतली ती नव्हती. बघता बघता जॅक उघडायला शिकली, आतलं तेल अडवणारं रबरी सील बदलायला शिकली, आणि साईनाथ शहापूरला सामान आणायला गेला की दुकान एकटी सांभाळायला लागली. मला तिचं फार कौतुक वाटायचं. तिच्या तोंडावर मी कधी बोलले नाही, कारण बायका लगेच चढून बसतात. मी स्वतःवरून सांगते.

आता अबोला कशावरून झाला ते सांगते. मुरबाडचे ज्ञानेश्वर शेठ म्हणून एक क्रशरवाले आहेत. त्यांचे डंपर कायम इथेच येतात. एक दिवस शेठ स्वतः आले, तेव्हा मैना त्यांच्या डंपरचा जॅक उघडत बसली होती. शेठ म्हणाले, "काय रे साईनाथ, बायकांच्या हातात पाना दिलास? माझा जॅक हाय तो, पापडाचं लाटणं नाय." साईनाथ हसला. हसला तो हसला, वर तिच्या हातातला पाना काढून घेतला आणि स्वतः बसला. मैना उठली, हात पुसले, घरात गेली. त्या दिवसापासून नवऱ्याशी एक शब्द नाही.

आणि हा बाबा तरी काय कमी! माफी मागावी, विषय संपवावा, तर नाही. "ती बोलत नाय तर मी कशाला बोलू?" झालं. दुकानात दोघं शेजारी शेजारी बसून काम करणार आणि बोलणार माझ्यातर्फे. "काकी, तिला सांगा तेलाचा डबा दे." डबा तिच्या पायाशी, ती त्याच्यापासून हातभर लांब, आणि मी रस्त्याकडेला पीठ कालवते आहे! "काकी, त्यांना सांगा डबा रिकामा हाय." टेकूची हाकसुद्धा माझ्यामार्फत जायला लागली. तो मला विचारणार, मी ओरडून तिला विचारणार, ती मला सांगणार, मी ओरडून त्याला सांगणार. माझा घसा बसला.

असे दिवस चालले असताना वैशाखातल्या एका सकाळी ज्ञानेश्वर शेठची नवी गाडी दारात आली. नवी म्हणजे मुंबईच्या कुणाकडून घेतलेली जुनीच, पण परदेशी, रेसची. पिवळीधमक, आणि बेडकासारखी जमिनीला चिकटलेली. वड्याच्या घाण्याचा धूर तिच्यावर जाऊ नये म्हणून शेठने मला कढई सरकवायला सांगितली. मी सरकवली नाही.

"साईनाथ, हिचा पंख बसतोय बग," शेठ म्हणाले.

गाडीच्या पाठीवर एक पंख होता. एरवी तो पाठीला चिकटून झोपलेला असतो. गाडी जोरात पळायला लागली की आपोआप वर उठतो आणि वाऱ्याच्या दाबाने मागची चाकं रस्त्याला धरून ठेवतो. उभ्या गाडीत बटण दाबूनही वरखाली करता येतो. दोन्ही बाजूंना एकेक जॅक, डंपरसारखाच तेलाचा, फक्त बोटाएवढा. डावा जॅक गळत होता. त्यामुळे पंख वाकडा उठायचा आणि हळूहळू खाली बसायचा. मुंबईच्या लोकांनी सांगितलं होतं की अख्खा पंखच जॅक-पंपासकट बदलावा लागेल आणि सामान बाहेरून यायला महिने लागतील. शेठकडे महिने नव्हते. संध्याकाळी मुरबाडला त्यांच्या पुतण्याची हळद होती आणि मंडपाच्या तोंडाशी ही गाडी पंख वर करून उभी राहायला हवी होती.

"शेठ, हे आपलं काम नाय," साईनाथ म्हणाला. "आपला हात डंपरवर बसलेला."

"जॅकच हाय ना? तेलच हाय ना? माझ्या डंपरचे जॅक तूच करतोस. तुझ्या हातावर माझा भरोसा हाय."

असं म्हटल्यावर साईनाथसारखा माणूस विरघळणारच. त्याने मागचं झाकण उघडलं.

मैना येऊन बाजूला बसली. तो खोलत गेला तसे एकेक नट ती ताटलीत मांडत गेली. डाव्या जॅककडे दोन बारीक काळ्या नळ्या जात होत्या. एकीतून तेल आलं की पंख वर उचलला जायचा, दुसरीतून आलं की खाली ओढला जायचा. दिसायला दोन्ही सारख्याच. साईनाथने जॅक खोलला, आतली झिजलेली सीलं काढून नवी बसवली, परत जोडला, तेल भरलं. दुपार चढली होती. पत्रा तापला होता. शेठ दर थोड्या वेळाने घड्याळ बघत होते आणि त्यांना बँडवाल्याचे फोन येत होते.

आता पंख वरखाली करून आतली हवा काढायची होती. शेठ स्वतःच गाडीत बसले. त्या सीटवर ते दुसऱ्या कुणाला बसू देत नव्हते. हाक ऐकू यावी म्हणून त्यांनी काच मात्र न सांगता खाली केली. नियम त्यांनाही माहीत होता, त्यांच्याच ड्रायव्हरांनी इथे शिकलेला. पण गाडीचं मागचं झाकण उघडं असल्यामुळे मागे काय चाललंय ते त्यांना दिसत नव्हतं.

दोनदा पंख वर गेला, खाली आला. तिसऱ्यांदा वर गेला आणि डाव्या बाजूने पुन्हा थोडा बसला. कुठून तरी तेल अजून येत होतंच. साईनाथला हात आत घालून चाचपून बघायचं होतं.

डंपरचा टेकू म्हणजे ऐनाचा ओंडका. तो इथे काय कामाचा? पंखाखाली फट होती वीतभर. मैनाला हे आधीच कळलं होतं. ती केव्हाच मागे घरात जाऊन आली होती. तडकलेलं जुनं मुसळ होतं घरात, त्याचा वीतभर तुकडा तिने करवतीने कापून आणला होता. बरोबर फटीच्या मापाचा. तिने तो काहीएक न बोलता साईनाथच्या हाताशी ठेवला.

साईनाथने तुकड्याकडे बघितलं. मग उचलून हत्यारांच्या ताटलीत टाकला.

"हा काय डंपर हाय काय, काकी?" तो मला म्हणाला. मला! मी तिकडे वडे सोडते आहे! "तिला सांगा, मुसळं चुलीत घाल म्हणावं."

मैनाचा चेहरा पडला. "काकी, त्यांना सांगा—"

"मी काय टपाल हाय काय तुमची?" मी भडकले. "एक हातभर लांब बसलीत दोघं! तोंडं नायत तुमाला? तुमचं तुमी बोला नायतर मरा!"

आणि मी कढईकडे तोंड फिरवलं. मी बोलले त्याचा मला पस्तावा नाही. आजही विचाराल तर हेच सांगेन. त्या दोघांना तोंडं होती.

साईनाथने "टेकू?" विचारलं नाही. विचारायचं तर आता मैनालाच विचारावं लागलं असतं, आणि आधी बोलला तो हरला, असं दोघांनी मनात धरलेलं. त्याने तसाच हात आत घातला. तिकडे गाडीत शेठ वाट बघत बसले होते. हाक नाही. अजून हाक नाही. म्हणजे आत कुणाचा हात नाही. त्यांनी खालचं बटण दाबलं.

मी वळले तेव्हा मैना ताटलीतला मुसळाचा तुकडा उचलून पंखाकडे झेपावत होती. तिने आत गेलेला हात बघितला होता. एक पाऊल कमी पडलं. पंपाचा बारीक आवाज आला, आणि साईनाथ ओरडला. गुरासारखा ओरडला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

पंखाने त्याची उजव्या हाताची बोटं गाडीच्या पाठीवर दाबून धरली होती.

शेठ घाबरले. माणूस घाबरला की जे करतो तेच त्यांनी केलं, उलटं बटण दाबलं. पण डावा जॅक तेल गाळत होता, त्यात उचलायची ताकदच राहिली नव्हती. पंख उजवीकडून उठला, डावीकडून उठेना. अख्खा पंख पिळवटला आणि डावी कड साईनाथच्या बोटांवर आणखी रुतली.

"थांबवा!" मैना किंचाळली. "हात काढा बटणावरचा! मांडीवर ठेवा!"

शेठने बटण सोडलं आणि गाडीतून उतरून धावत मागे आले. साईनाथ गुडघ्यांवर बसला होता, तोंड पांढरं फटक. दामूबाबांचा तो रिकामा मनगटाचा हात माझ्या डोळ्यांपुढे आला. देवा, पुन्हा तेच नको, एवढंच माझ्या मनात चाललं होतं.

शेठने दोन्ही हातांनी पंख उचलायचा प्रयत्न केला. तेल नळीत कोंडलेलं, पंख तसूभरही हलला नाही. "पहार आणा," ते ओरडले. "तुटला तर तुटू दे! पंख गेला खड्ड्यात, मी दुसरा आणीन!"

शेठला मी आयुष्यात पुष्कळ शिव्या दिल्या आहेत, पण ते हे मनापासून बोलले हे मला दिसलं.

"पहार नको," मैना म्हणाली. "पहार सटकली तर बोटं राहायची नायत. तेल सोडायला पायजे."

शेठने ताटलीतला बारीक पाना उचलला. "कुठली नळी? जी गळते तीच सोडतो. तेल जाऊ दे सगळं."

"ती नको!" मैनाने त्यांचं मनगट धरलं. तिने परक्या पुरुषाचा हात धरला, पण त्या वेळी कुणाला भान होतं? "गळते ती वर उचलणारी. म्हणून तर पंख वर ऱ्हात नाय. ती सोडली तर खालून जो थोडा जोर हाय तोबी जाईल. दुसरी दाबून बसलीय. ती सोडायला पायजे."

पण आता कुठली गळकी आणि कुठली कोरडी? मघाच्या धडपडीत तेल उडालं होतं आणि दोन्ही नळ्या सारख्याच ओल्या झाल्या होत्या.

"वहिनी, बाजूला व्हा," शेठ म्हणाले. पाना घेऊन ते आणखी खाली वाकले. "माझी गाडी हाय, मी बघतो."

तेव्हा साईनाथ बोलला. इतक्या हळू की आम्ही सगळे वाकलो.

"शेठ, पाना तिला द्या."

"अरे पण—"

"तिच्या हातात द्या," तो ओरडला. "तिला कळतंय!"

शेठने पाना दिला. मैनाने तो घेतला. नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा थेट त्याच्याशी बोलली.

"आयका. मी दोनी नळ्या पुसून घेते. मग शेठ एकदाच वरचं बटण दाबतील. जी ओली होईल ती गळकी. मग मी दुसरी सोडीन. पण बटण दाबल्यावर कड अजून रुतंल. लय दुखंल."

साईनाथने मान हलवली. "दाबू दे," तो म्हणाला.

मैनाने पदराने दोन्ही नळ्यांचे सांधे पुसले. पुन्हा पुसले. मला म्हणाली, "काकी, मुसळ घ्या. पंख ढिला पडला की आत सारा. चुकू नका." ते मुसळ माझ्या हातात कधी आलं मला ठाऊक नाही. तिने एकेक बोट एकेका सांध्यावर ठेवलं. शेठ गाडीत जाऊन बसले.

"दाबा!"

पंपाचा आवाज. साईनाथने दुसऱ्या हाताने स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. तरी त्याच्या घशातून जे निघालं ते ऐकून मी डोळे मिटले. मिटायला नको होते, पण मिटले.

"बस! हात काढा! बस!"

मी डोळे उघडले. मैना आपली दोन बोटं उन्हात धरून बघत होती. एकाला तेल लागलं होतं, एक कोरडं. तिने दुसऱ्यांदा बघितलं, मग कोरड्या नळीच्या नटाला पाना लावला. पाना घसरला. पुन्हा लावला. तिच्या कपाळावरचा घाम कुंकवात उतरत होता. नट हलत नव्हता. तिने पाय गाडीच्या मागल्या चाकाला टेकवला आणि सगळं अंग त्या बारीक पान्यावर टाकलं.

नट सुटला. तेलाची चिळकांडी तिच्या तोंडावर उडाली. ती हलली नाही, डोळे मिटून आणखी एक फेरा सोडला. पंखाची डावी कड ढिली पडली, शेठने धावत येऊन ती वर उचलली आणि मी मुसळ आत सारलं.

मैनाने ते मुसळ धरून हलवलं. घट्ट होतं.

"लावला!" ती ओरडली.

कुणी विचारलं नव्हतं. तरी ओरडली. साईनाथने हात बाहेर काढला.

बोटं निळीकाळी पडली होती, एक नख लोंबत होतं, रक्त होतं. पण पाचही होती. मैनाने ती एकेक करून बघितली, डोक्यावरचा पदर ओढून हाताला गुंडाळला आणि मग तिथेच मातीत बसून रडायला लागली. मला दोघांच्याही थोबाडीत मारावीशी वाटत होती आणि दोघांना जवळही घ्यावंसं वाटत होतं.

"रडणं मागून करा," मी म्हटलं. "दवाखान्यात चला."

शेठने दवाखान्यात न्यायला रिक्षाची वाट बघितली नाही. ज्या सीटवर कुणाला बसू देत नव्हते तिच्या शेजारी त्यांनी रक्ताळलेल्या साईनाथला बसवलं. मागच्या फडताळाएवढ्या जागेत मैना पाय मुडपून बसली आणि पुढे वाकून त्याचा हात वर धरून राहिली. मागे पंखाखाली मुसळ तसंच होतं. काढायला वेळच कुणाला होता? शहापूरच्या बाजारातून ती परदेशी गाडी मुसळाच्या तुकड्यावर पंख टेकवून हॉर्न वाजवत गेली. लोकांनी फोटो काढले म्हणे. माझे वडे कढईत करपून कोळसा झाले.

दोन बोटं मोडली होती. डॉक्टरांनी हात प्लॅस्टरमध्ये घातला आणि सांगितलं, बोटं चालतील, वेळ लागेल. हात वाचला. ते ऐकलं तेव्हा कुठे मला जेवण गेलं.

शेठ तिथून तसेच हळदीला गेले. तेल नसल्याने पंख मुसळावरच उभा होता. मंडपाच्या तोंडाशी गाडी लागली तर बायका गोळा झाल्या. हळद कुटायला मुसळ लागतंच, त्याला आंब्याची पानं बांधतात, ओवाळतात. त्यांना वाटलं शेठने हौसेने गाडीवर मुसळ लावलंय. कुणीतरी त्याला हळद फासली, कुणी डहाळी बांधली, आणि सगळ्यांनी गाडीपेक्षा मुसळाचंच कौतुक केलं. शेठने कुणाला काही सांगितलं नाही. काय सांगणार होते?

मला वाटलं, आता ही दोघं गुळासारखी गोड होतील. कसलं काय! मैना त्याला भरवत होती, त्याची वेणीफणी तेवढी करायची बाकी होती, पण तोंड फुगलेलंच. एकदा माझ्या देखत तिने त्याला सुनावलं, "हात मोडला म्हणून मी इसरले असं समजू नका. तुमी हसला होतात. ते अजून माझ्या पोटात हाय." साईनाथ खाली बघत म्हणाला, "ठाव हाय."

काही दिवसांनी पिवळी गाडी पुन्हा आली. डाव्या जॅकचं प्लॅस्टिकचं बूड चिरलं होतं, तिथून तेल येत होतं, हे हळदीच्या दुसऱ्या दिवशी, पंख अजून मुसळावरच असताना, मैनाने उघडून शोधलं होतं, आणि नट आवळून कामापुरतं तेल भरून दिलं होतं. तिने ते मापाने शहापूरच्या कमळू लेथवाल्याकडून धातूचं करून आणलं होतं. आता ते बसवायचं होतं.

शेठने बटण दाबून पंख वर घेतला. मग किल्ली काढून माझ्यासमोर टपरीवर आणून ठेवली. "काकी, तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणाले आणि लांब जाऊन उभे राहिले. त्या दिवशी मी कढई स्वतः होऊन सरकवली.

साईनाथने डाव्या हाताने पाना उचलला आणि मैनापुढे धरला. तिने घेतला. मग त्याने तो मुसळाचा तुकडा आणला, हळदीने पिवळा झालेला, सुकलेली आंब्याची डहाळी अजून सुतळीने बांधलेली, आणि पंखाखाली बसवला. एका हाताने बसवायला त्याला वेळ लागला. तिने मदत केली नाही.

मैना गाडीमागे उकिडवी बसली, पाना हातात. पण तिने हात आत घातला नाही. साईनाथ मागे उभा. शेठ लांब. मी झारा धरून. विचार की बाई, मी मनात म्हणत होते. विचार.

"टेकू?" मैनाने विचारलं.

हळू विचारलं, पण त्यालाच विचारलं. साईनाथने मुसळ धरून हलवलं. पुन्हा हलवलं. खाली बसून फटीतून बघितलं, आणि तिसऱ्यांदा हलवलं.

"लावला!" तो ओरडला. आवाज चिरकला, पण नदीपर्यंत गेला असेल.

तरी तिने हात घातला नाही. वळून त्याच्याकडे बघत राहिली.

"माझ्या हातानं लावलाय गो," साईनाथ म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि ते लपवायला हात मोकळा नव्हता, एक प्लॅस्टरमध्ये, एक मुसळावर. "परत नाय हसणार. घाल."

मग तिने हात आत घातला.